देशी पोरांनी कॅम्पसवर फ्रॅटर्निटीचा चॅप्टर काढला तर बिघडलं कुठे?

एडिसनची_आई
परवा इथे एकांनी ठणकावून लिहिलं की आपल्या मुलांनी अमेरिकेत फ्रॅटर्निटी (ग्रीक अक्षरांचं नाव घेतलेली कॉलेजच्या मुलांची बंधुसंघटना) काढणं म्हणजे गोऱ्यांची नक्कल, दारू प्यायला हक्काची जागा आणि बापाच्या पैशाची माती. डोकंच फिरलं वाचून, म्हणून सविस्तर लिहितेय. माझा लेक आणि त्याचे मित्र त्यांच्या युनिव्हर्सिटीत देशी फ्रॅटर्निटीचा चॅप्टर, म्हणजे तिथली शाखा, उभा करतायत. आधी नुसता इंटरेस्ट ग्रुप, मग संघटनेच्या देशपातळीवरच्या नॅशनल बोर्डाची परवानगी, ग्रेड्सची अट, समाजसेवेचे तास, युनिव्हर्सिटीत फ्रॅटर्निट्यांचं काम बघणाऱ्या ग्रीक लाइफ ऑफिसची मान्यता, आणि हे सगळं पार पडलं तर चार्टर, म्हणजे शाखेचं मान्यतापत्र. रात्र रात्र बसून पोरं बायलॉज, म्हणजे नियमावली, लिहितायत. आणि नक्कल कसली? 1906 साली कॉर्नेल युनिव्हर्सिटीत सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा ही फ्रॅटर्निटी काढली ती हौस म्हणून नाही, कॅम्पसवर एकटे पडले होते ते, आधीची काही मुलं तर शिक्षण सोडून परत आलीच नव्हती. त्यांच्यातही वाद झालाच, नुसतं अभ्यासमंडळ ठेवायचं की फ्रॅटर्निटी करायची. फ्रॅटर्निटीवाले जिंकले आणि पुढच्याच वर्षी हॉवर्ड युनिव्हर्सिटीत दुसरा चॅप्टर निघाला. मार्टिन ल्यूथर किंग त्याच संघटनेचे सदस्य होते. जिथे आपल्याला कुणी धरत नाही तिथे आपलं काहीतरी उभं करायचं, यात वाईट काय?

डॅलसकर
ताई, ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. कॉर्नेलच्या त्या मुलांना दारं बंद होती. आपल्या पोरांना कुठलं दार बंद आहे? चांगल्या शाळा, गाडी, आईबाप फी भरतात, आणि तिथे जाऊन पुन्हा देशींचाच घोळका. मग इंडियाना किंवा टेक्सासला पाठवलं कशाला, ठाण्यात काय वाईट होतं. आणि दारूबद्दल काहीच बोलला नाहीत तुम्ही. पेन स्टेट युनिव्हर्सिटीत 2017 मध्ये 19 वर्षांचा मुलगा, फ्रॅटर्निटीत नवीन मुलांना सामील करून घ्यायच्या रात्री दारू पाजली, जिन्यावरून पडला, तासन्‌तास कुणी ॲम्ब्युलन्स बोलावली नाही. गेला. त्याच्या आईला जाऊन सांगा बायलॉजचं.

खामल्याचा_पोट्टा
इतकं काही होत नाही जी. आम्ही होस्टेलला होतो तेव्हा सीनियर रात्री उठवून टेबलावर उभं करायचे, गाणी म्हणायला लावायचे, मान खाली घालून शर्टाच्या थर्ड बटनकडे नजर ठेवून चालायचं. पुढे पहिल्या नोकरीच्या वेळी तेच सीनियर धावून आले. थोडं रगडल्याशिवाय दोस्ती पक्की होत नाही, मग ते नागपूर असो की अमेरिका.

सातारा_ते_सिॲटल
"काही होत नाही" वाचून हात थरथरायला लागलेत. माझा धाकटा भाऊ इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष अर्धवट टाकून घरी आला. पहिल्या रात्री सीनियरनी आडनाव विचारलं, मग कोट्यातून आलास का विचारलं, आणि त्यानंतर रोज त्याच्याच रूमवर. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, काढून टाकलेल्याला पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. रेक्टरला सगळं माहीत होतं, तरी तक्रार लिहून घेतली नाही. भाऊ आजही त्या शहराचं नाव निघालं की उठून जातो.

खामल्याचा_पोट्टा
तुमच्या भावासोबत झालं तो गुन्हाच आहे, त्याला मी रॅगिंग म्हणतच नाही. पण त्यापायी सगळ्या सीनियरला एका माळेत ओवू नका ना. आमच्याकडे हसतखेळत होतं.

सातारा_ते_सिॲटल
हसतखेळत होतं हे ठरवलं कोणी? टेबलावर उभा असलेल्याला कधी विचारलंत? तुमच्या बॅचमधून कोण कोण होस्टेल सोडून गेलं ते आठवून बघा, मग बोला.

खामल्याचा_पोट्टा
एक गेला होता. का गेला ते कोणी विचारलं नाही, हे मान्य. पण तुमचा आवाज जरा खाली ठेवा, मी तुमच्या भावाला हात लावला नव्हता.

बफेलोचा_माजी
अहो, धागा चॅप्टरवर आहे. मी देशी फ्रॅटमध्ये होतो म्हणून सांगतो. 1994 ला न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन युनिव्हर्सिटीत आयोटा नू डेल्टा ही देशी फ्रॅटर्निटी निघाली तेव्हापासून अशा संघटना आहेत आणि डॅलसकर म्हणतात तसा हा एकसारख्यांचा घोळका नसतो. आमच्यात गुजराती, तेलुगू, पंजाबी, एक श्रीलंकन, एक गोरासुद्धा. मराठी मी एकटाच. बाबा गेले तेव्हा माझं तिकीट माझ्या लाइनमधल्या, म्हणजे माझ्यासोबत सामील झालेल्या, भावांनी काढलं, मला काही सुचत नव्हतं. पण ताई, प्लेजिंगमध्ये, म्हणजे सदस्य होण्याआधीच्या उमेदवारीत, काय होतं ते घरी सांगायचं नाही असं आम्हालाही बजावलं होतं, आणि ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. ग्रीक अक्षरं आणि संस्थापकांची नावं पाठ करायला गुप्तता कशाला लागते?

एडिसनची_आई
हे मी त्याला विचारलंय. तो म्हणतो आम्ही पहिलीच बॅच, वरून आम्हाला छळणारं कुणी नाही. मला खरी काळजी आहे ती त्यांच्यानंतरच्या बॅचची, कारण तेव्हा हीच पोरं सीनियर असतील. डिसेंबर 2024 च्या नव्या फेडरल कायद्याने युनिव्हर्सिटीला हेझिंगमध्ये (तिकडचं रॅगिंग) दोषी ठरलेल्या संघटनांची नावं जाहीर करावी लागतात, म्हणून नॅशनलचे इतर चॅप्टर ज्या ज्या कॅम्पसवर आहेत तिथले रिपोर्ट मी स्वतः काढून बघतेय. तरीही चॅप्टर काढू नको असं मी त्याला म्हणणार नाही. दोन वर्षं एकटा जेवायचा तो तिथे.

डॅलसकर
हे शेवटचं आधी लिहायला हवं होतं तुम्ही. ठीक आहे, तुमच्या मुलापुरतं मागे घेतो, बाकीच्यांबद्दल नाही. प्लेजिंगमध्ये दारू नाही आणि घरच्यांपासून गुप्तता नाही, ही दोन कलमं बायलॉजमध्ये लेखी घालायला लावा. नॅशनलवाले आडवे आले तर काय ते कळेलच.