जुना एएम४ बोर्ड विकायची घाई करू नका

कृष्णाकाठ:
धाकट्या मामेभावाचा पीसी आहे. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १०६० (६ जीबी) ग्राफिक्स कार्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी. नवे गेम अडखळतात. बजेट तीस हजार, वर एक रुपया नाही. दुकानदार बघताक्षणी म्हणाला, "हा गेला, नवीनच बांधा." माझा याला ठाम विरोध आहे. या बोर्डवरचं एएम४ सॉकेट (एएमडीचा प्रोसेसर बसतो ती खाच) २०१६ सालचं असलं तरी २०२२ चा रायझन ५ ५६०० त्याच बोर्डवर बसतो. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायचं आणि मग तो काढायचा. सोबत आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचं. दोन्ही मिळून तीसच्या आतबाहेर होतं. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ज्यांवर चालतं त्या प्रोसेसरच्या यादीत १६०० नाही, ५६०० आहे. याच पैशांत एएम५ (एएम४ नंतरचं नवं सॉकेट) करायला गेलात तर बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम तिन्ही एकदम घ्यावं लागतं, आणि कार्ड मात्र तेच जुनं १०६०. मग गेम चालणार कशावर?

रातकिडा:
पूर्ण असहमत. एएम४ चा रस्ता रायझन ५००० सिरीजला संपतो, त्यापुढे काही नाही. एएम५ ला २०२७ आणि त्यानंतरही सपोर्ट देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. आज पाया नीट घाला, कार्ड पुढच्या दिवाळीला. नाहीतर तीस हजार घालूनही काही वर्षांनी पुन्हा सगळंच बदलायचं, म्हणजे खर्च दोनदा.

कृष्णाकाठ:
रॅमचे भाव बघितलेत का हल्ली? २०२५ च्या अखेरीपासून एआयची डेटा सेंटर्स मेमरी ओढून नेतायत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. डीडीआर४ पण महागली, मान्य. पण आमच्याकडे एक पट्टी आहेच, जोडीला एक वापरलेली मिळाली की सोळा जीबी आणि ड्युअल चॅनल (दोन पट्ट्या एकत्र चालून मिळणारा वेग), दोन्ही कामं झाली. आणि "कार्ड पुढच्या दिवाळीला" हे पगारदार माणूस म्हणू शकतो. बारावीच्या पोराच्या हातात पुढच्या दिवाळीला कोण पैसे ठेवणार?

वायरमन:
तुमचं भांडण चालू द्या, पण आधी पीसीचा डबा उघडून एसएमपीएसचं (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या युनिटचं) लेबल वाचा. स्वस्तातल्यावर ठळक "५०० वॅट" छापलेलं असतं आणि खाली १२ व्होल्टच्या रकान्यात बारीक अक्षरात १८ अँपिअर. गुणाकार केला की २१६ वॅट! आरएक्स ६६०० एकटं १३२ घेतं, ५६०० भर लोडला ७५ च्या आसपास, वर पंखे आणि डिस्क. म्हणजे काठावरच. त्यात एप्रिल-मे मधली आपली हवा. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं मानांकन) असलेला साडेचारशे-साडेपाचशे वॅटचा चांगला एसएमपीएस आधी घ्या, कार्ड त्यानंतर.

गिरगाव_चौपाटी:
नवं कार्ड हवंच कशाला? लॅमिंग्टन रोडला वापरलेलं आरएक्स ५८० घ्या, खूप स्वस्त पडतं. उरलेल्या पैशांत एसएसडी आणि एसएमपीएस दोन्ही येतील.

वायरमन:
५८० घेताना जीपीयू-झी (कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून शेडर (कार्डमधली चित्र काढणारी युनिटं) मोजा. खऱ्या ५८० ला २३०४ असतात. २०४८ दिसले तर नाव ५८० चं आणि ताकद खालच्या ५७० कार्डची. शिवाय १८५ वॅट खातं, ते वेगळंच.

पावसाळी:
पोरगा खेळतो काय, हे कुणीच विचारलं नाही. व्हॅलोरंट आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर १०६० भरपूर आहे. रॅमची जोडी लावा, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका आणि बाकीचे पैसे राखून ठेवा. बारावी आहे त्याची!

कृष्णाकाठ:
व्हॅलोरंट असता तर धागाच काढला नसता. त्याला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' खेळायचाय. तो हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (प्रकाशकिरणांचा हिशोब करायची कार्डमधलीच सोय) चालत नाही, म्हणजे १०६० बाद आणि ५८० पण बाद. किमान मागणी रायझन ५ ३६०० आणि आरएक्स ६६०० ची आहे, म्हणून मी हीच जोडी धरलीय. १०६० आणि १६०० विकून जे येतील त्यात एसएमपीएस बसवतो.

रातकिडा:
बघा, किमान मागणीच ६६०० ची. २०२१ चं कार्ड नवं म्हणून घ्यायचं आणि पहिल्याच दिवशी सेटिंग तळाला. माझं मत बदललेलं नाही. थांबा, पैसे साठवा.

वायरमन:
एसएमपीएस बदलणार असाल तर मी कृष्णाकाठ यांच्या बाजूने. फक्त बायोस अपडेट यूपीएसवर करा. मध्येच लाइट गेली तर बोर्ड मरतो, आणि फ्लॅशबॅकचं (बिघडलेलं बायोस पुन्हा भरायचं) बटण बी४५० च्या सगळ्या बोर्डांवर नसतं.