प्रतिसाद: नवे प्लग टाकूनही मिसिंग जात नाही

तुमची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० नवे स्पार्क प्लग टाकूनही आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना) थरथरते, म्हणजे मिसिंग आहे: एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. म्हणून मेकॅनिक थेट इंजिन खोलायला सांगतोय. थांबा जरा!

काढलेले जुने प्लग फेकले नाहीत ना? कोणता कुठल्या सिलिंडरचा, हे माहीत असेल तर निम्मं निदान तिथेच होतं. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. अडकलेला चोक किंवा तुंबलेला एअर फिल्टर बघा. तेलकट ओलं असेल तर मात्र इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये शिरू न देणाऱ्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत, आणि मग मेकॅनिकचं म्हणणं खरंही असू शकतं.

सिलिंडर तीनच, त्यामुळे एक बंद पडला तरी गाडी चांगलीच हादरते. दोषी सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्याशी बदलून पाहा. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर नवा प्लगच खराब. (निघतात असे.) नाही सरकलं तर प्लगची वायर, प्लगांना करंट वाटून देणारे डिस्ट्रिब्युटर कॅप आणि रोटर तपासा आणि शेवटी कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब.

माझ्या जुन्या गाडीत प्लगच्या वायरमधूनच करंट गळत होता. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू केलं, तर निळ्या ठिणग्या चक्क दिसल्या. हात मात्र लांब ठेवा, झटका जबर बसतो.

आणि प्लग थंड इंजिनवरच काढा; प्लग ज्यात बसतो ते सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना त्याचे आटे खराब होऊ शकतात. बसवताना सुरुवात हातानेच; नवा वॉशरवाला प्लग टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा वळसा पुरतो.