मदत हवी आहे: हेडफोन ३४९ चा, वर डिलिव्हरी ८९. कुठून घेऊ?

अंगणातला_चाफा · शुक्रवार, रात्री ९:१०

नमस्कार. हेडफोन घ्यायचा आहे, चारशेच्या आसपास. एका साइटवर ३४९ ला दिसतोय, पण पैसे भरायच्या पानावर गेलं की डिलिव्हरीचे ८९ लागतात. घरी आल्यावर पैसे द्यायचे म्हटलं तर आणखी ४०, म्हणजे ४७८ झाले. दुसऱ्या साइटवर डिलिव्हरी फुकट, पण तोच हेडफोन ४२९ ला. तिसरीकडे पाचशेच्या वर ऑर्डर केली तरच फुकट. सोमवारपासून लागणार आहे. कुठून घेऊ तेवढं सांगा, आज रात्रीच ऑर्डर टाकायची आहे.

रातांबा · ९:१८

मोबाइलला लावणार की कॉम्प्युटरला? वायरचा की ब्लूटूथ? नुसतं ऐकायचं आहे की बोलायचंही आहे? आणि गाव कुठलं? पिनकोड घातल्यावर हे आकडे आले की त्याआधी?

तांबडी_माती · ९:२२

वायरच्या भानगडीत पडू नका. नेकबँड घ्या. मी दीड वर्ष वापरतोय, बाइकवर, बागेत, सगळीकडे. वायर तुटायची भीती नाही, एकदा चार्ज केला की दोन दिवस बघायला नको. हजाराच्या आत चांगले मिळतात.

अंगणातला_चाफा · ९:३१

नेकबँड नको, कानावर बसणारा हवाय. मुलीसाठी आहे. देवगड तालुक्यात राहतो आम्ही. पिनकोड घालूनच विचारलंय. ३४९ अधिक ८९, की ४२९, एवढाच प्रश्न आहे.

पोफळीबन · ९:४०

एवढाच असेल तर उत्तर सोपं आहे. आधी पैसे भरले तर पहिलीकडे ४३८ होतात आणि दुसरीकडे ४२९, म्हणजे दुसरी नऊ रुपयांनी स्वस्त. वस्तूची किंमत आणि डिलिव्हरी वेगळी बघूच नये, शेवटचा आकडा बघावा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, दोन्ही दाखवणं बंधनकारक आहे.

पण ताई, तुम्ही जाण्याचं भाडं बघताय, येण्याचं बघितलं नाहीत. गेल्या वर्षी मी २९९ चा इयरफोन मागवला. डावा कान मुकाच निघाला. परत करायला गेले तर 'तुमच्या पिनकोडवर पिकअप उपलब्ध नाही, वस्तू स्वतः पाठवा'. पोस्टाने पाठवायला सत्तरच्या वर गेले आणि ते भरून मिळायला पुढे महिनाभर ईमेल करत बसले. तेव्हा 'परत घेण्याची सोय' यावर बोट ठेवून आतलं सगळं वाचा. सात दिवसांत परत घेतात की नुसती बदलून देतात, घरून नेतात की आपण पाठवायचं, हे त्या नऊ रुपयांपेक्षा फार मोठं आहे.

वाडीतलो_झिल · ९:५२

ताई, सोमवारपर्यंत येवचा नाय, ह्या आधीच सांगतंय. साइटवर दोन दिवस लिवलेला असता, पण पार्सल आधी कोल्हापुराक येता आणि घाटात दरड इली काय थंयच रवता. गेल्या पावसात माझो चार्जर नव दिसांनी इलो. कुरियरवालो वाडीत येणाच नाय, फोन करून सांगता 'तिठ्यार येवा'. तिठो आमच्यापासून चार किलोमीटर. पोस्टान येणारा असात तर पोस्टमन घराकडे आणून देता, ता बघा.

रातांबा · १०:०१

झिलाशी सहमत. सिंधुदुर्गचे पिनकोड ४१६ ने सुरू होतात आणि कोल्हापूरचेही ४१६ नेच, रत्नागिरीवाल्यांचं ४१५ साताऱ्याबरोबर. पोस्टाच्या हिशेबात आपण घाटावरच्यांच्याच खणात आहोत. १ मे १९८१ ला जिल्हा वेगळा झाला, पण त्या आकड्यांना काही धक्का लागला नाही.

शिडाची_होडी · १०:०८

मी बोरिवलीला असतो, गाव मालवणकडे. ऑनलाइन कशाला? लॅमिंग्टन रोडवर असले हेडफोन ढिगाने मिळतात. तिथून कोणाला तरी घ्यायला सांगा आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाका. सकाळी तुमच्या फाट्यावर. ड्रायव्हरला पन्नास-शंभर दिले की झालं. आम्ही गणपतीची मखरंसुद्धा अशीच पाठवतो.

पोफळीबन · १०:१५

होडी, त्यातही शंभर गेलेच की. आणि वस्तू खराब निघाली तर परत कोण नेणार, तुम्ही?

शिडाची_होडी · १०:१९

दुकानात लावून बघूनच घ्यायची ना. ऑनलाइनमध्ये ते तरी कुठे होतं?

पोफळीबन · १०:२४

दुकानात मोबाइलला लावून बघणार, आणि इकडे मुलगी कशाला लावणार ते अजून कोणाला माहीतच नाही.

रातांबा · १०:२७

तेच मी नऊ वाजून अठरा मिनिटांनी विचारलं होतं. ताई, मुलगी काय करणार आहे हेडफोनने?

अंगणातला_चाफा · १०:३५

सांगते. सोमवारपासून तिचा सीईटीचा ऑनलाइन क्लास आहे. आठवड्यातून तीन दिवस सरांना शंका विचारायच्या असतात, तेव्हा बोलावं लागतं. घर लहान आहे, सासरे बाहेरच्या खोलीत टीव्ही लावतात, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा. त्यांना बंद करा म्हणवत नाही. कॉम्प्युटर आहे, भावाने मुंबईतल्या ऑफिसातला जुना दिलाय. हेडफोनच्या माहितीत '३.५ एमएम, माइकसह' लिहिलंय. आता सांगा.

कातळशिल्पी · १०:४९

जुना म्हणजे डबा आणि पडदा वेगळा असलेला? मग आधी डब्याच्या मागे बघा, ऑर्डर नंतर. हिरवं आणि गुलाबी अशी दोन गोल भोकं असतील. हिरव्यात ऐकायचं, गुलाबीत माइक.

तुम्ही बघितलेला हेडफोन मोबाइलसाठीचा आहे. त्याच्या एकाच पिनवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार भाग: डावा कान, उजवा कान, अर्थिंग आणि माइक. ही पिन हिरव्या भोकात घातली तर सर ऐकू येतील, पण मुलीचा आवाज सरांना जाणार नाही, आणि मग तुम्ही माइक खराब म्हणून हेडफोन परत पाठवाल.

उपाय दोन. दोन पिनांचा, खास कॉम्प्युटरचा हेडसेट घ्यायचा किंवा एका पिनचा घेऊन सोबत स्प्लिटर, म्हणजे एका पिनच्या दोन करणारी छोटी वायर, घ्यायचा. स्प्लिटर घेताना मात्र नीट बघा. एक बाई-पिन (भोक असलेली) आणि पुढे दोन नर-पिना, त्यावर हेडफोन आणि माइकची चित्रं, असा हवा. दुकानात याच नावाने दुसरीच वस्तू गळ्यात मारतात, जिला एक नर आणि दोन बाई-पिना असतात. ती दोघांनी एकाच मोबाइलवर ऐकण्यासाठी असते, तुमच्या कामाची नाही.

तांबडी_माती · १०:५६

बघा, एवढी भानगड. ब्लूटूथला ना हिरवं, ना गुलाबी.

कातळशिल्पी · ११:०४

माती, त्या जुन्या डब्यात ब्लूटूथ असेलच असं नाही. नसलं तर दोनशे-तीनशेचा डोंगल आला. शिवाय कॉम्प्युटरवर ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू केला की तो फोनवर बोलण्याच्या मोडमध्ये जातो, आवाज एकसुरी आणि घुसमटलेला येतो. मोबाइलवर गाणी ऐकताना हे जाणवत नाही म्हणून तुम्हाला अनुभव नाही. क्लास ऐन रंगात असताना चार्जिंग संपलं तर तेही आहेच.

तांबडी_माती · ११:०७

माझ्या नेकबँडवर बायकोच्या बँकेच्या मीटिंग रोज होतात, एक तक्रार नाही.

कातळशिल्पी · ११:०९

लॅपटॉपवर की मोबाइलवर?

तांबडी_माती · ११:१२

मोबाइलवर.

सोलकढी · ११:२०

थोडं अवांतर, पण मुलीच्या कानांचं आहे म्हणून लिहिते. बाहेर टीव्ही मोठा असला की मुलं हेडफोनचा आवाज त्याच्याही वर नेतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी ७५. तेव्हा कान पूर्ण झाकणारी गादी असलेला घ्या, आवाज कमी ठेवूनही ऐकू येतं. आणि गादी कापडाची बघा. रेक्झिनसारखी दिसणारी असते ना, ती आपल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत सोलते, काळे तुकडे कानाला आणि केसांना चिकटतात. माझ्या दोन हेडफोनांचं हेच झालं. आता वापरून झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, आत बुटांच्या खोक्यातली ती वाळवण पुडी.

आणि सासऱ्यांसाठी टीव्हीचा वेगळा हेडफोन घेता येईल का बघा. मूळ अडचण तिथेच आहे.

अंगणातला_चाफा · ११:२८

त्यांना कानावर काही चालत नाही, श्रवणयंत्रही काढून ठेवतात.

मागे बघितलं, टॉर्च लावून. हिरवं, गुलाबी आणि एक निळं आहे. म्हणजे दोन पिनांचा शोधायचा. तो ५५० च्या खाली दिसत नाहीये, पण डिलिव्हरी फुकट. मंगळवार-बुधवार दाखवतोय.

वाडीतलो_झिल · ११:३१

पुढचो बुधवार धरा.

पोफळीबन · ११:४०

ताई, एक विचारू? देवगड-जामसंड्याच्या बाजारात का जात नाही? १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. जाऊन-येऊन ८९ च्या आत बसेल की. तो डिलिव्हरी चार्ज एसटीला द्या आणि वस्तू हातात घेऊन या.

अंगणातला_चाफा · ११:४६

तिकिटाचं खरं आहे, पण जाऊन येईपर्यंत दिवस मोडतो. दुपारच्या गाडीचा भरवसा नाही. उद्या शनिवार, माझी अर्धा दिवस शाळा आहे, म्हणजे मी पोषण आहार बनवते तिथे. साडेअकरानंतर निघू शकेन.

शिडाची_होडी · ११:५१

दुकानात ऑनलाइनपेक्षा शंभर जास्त सांगतील, तयारीने जा.

कातळशिल्पी · ११:५८

सांगू देत. बदलून देणारं माणूस समोर आहे ना. एक करा, डब्याच्या मागच्या भोकांचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, बोलून समजावण्यापेक्षा ते बरं. बिल घ्या. निघण्यापूर्वी दुकानातल्याच कॉम्प्युटरला लावून माइकवर दोन वाक्यं बोला आणि परत ऐका. दोन्ही कान तपासा, आणि पिनपाशी वायर हलवून बघा, खरखर आली तर दुसरा मागा.

अंगणातला_चाफा · शनिवार, संध्याकाळी ७:२५

आणला. दोन पिनांचा, ४५० सांगितला, ४२० ला दिला. गादी कापडाची नाही मिळाली. फोटो दाखवल्यावर दुकानदाराने लगेच काढून दिला आणि लावूनही दाखवला. येताना गाडी पाऊण तास उशिरा आली, भिजले. पण घरी लावलं तर काहीच ऐकू येत नाही! ना ऐकू येतं, ना माइक. दुकानात चालत होता. आता परत जाऊ का?

रातांबा · ७:३१

कुठे लावलंय? पुढे की मागे?

अंगणातला_चाफा · ७:३३

पुढे. पुढेही दोन भोकं आहेत, तिला तिथे सोपं पडतं.

कातळशिल्पी · ७:३६

परत जाऊ नका. जुन्या डब्यांत पुढच्या भोकांची वायर आत जोडलेलीच नसते पुष्कळदा. मागे लावा, हिरवं हिरव्यात, गुलाबी गुलाबीत. मग खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे, त्यावर माउसचं उजवं बटण दाबून साउंड सेटिंगमध्ये माइकचा आवाज वाढवून घ्या.

अंगणातला_चाफा · ८:०२

झालं! तिने मैत्रिणीला कॉल लावला, आवाज स्वच्छ जातोय. बाहेर टीव्ही चालू होता, तोही मैत्रिणीला फारसा ऐकू आला नाही. सगळ्यांचे मनापासून आभार. कातळशिल्पी दादा, तुम्ही भोकांचं सांगितलं नसतंत तर मी रात्रीच तो ३४९ वाला मागवला असता.

सोलकढी · ८:१०

छान झालं. गादीवर जुन्या सुती ओढणीचे दोन तुकडे शिवून घाला, काढून धुता येतात.

तांबडी_माती · ८:१५

अभिनंदन ताई. त्या दुकानात नेकबँडची बॅटरी बदलून देतात का, विचारलंत? माझ्या नेकबँडचं चार्जिंग आता दिवसभरच पुरतंय.