मदत हवी आहे: आल्प्समधली हट-टू-हट स्की टूर. बडोद्यात राहून उतरायची तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. वय पन्नाशीकडे झुकलेलं. येत्या एप्रिलमध्ये गाइडबरोबर स्की टूरला जायचं घाटतंय. मावसभाऊ म्युनिकला असतो. त्याचं आणि त्याच्या मित्रांचं ठरलंय, चौथा गडी म्हणून माझं नाव घातलंय. या महिन्यात हो की नाही ते कळवायचं आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला स्किन्स म्हणून लांब पट्ट्या चिकटवतात. त्यांची लव मागच्या दिशेला असल्याने स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढताना बुटाची टाच मोकळी असते. खिंडीत पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या, टाच अडकवायची आणि पलीकडे उतरायचं. मुक्काम पुढच्या हटवर, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात.

पर्याय दोन आहेत. एक फ्रान्समधलं शामोनी ते स्वित्झर्लंडमधलं झरमॅट, म्हणजे प्रसिद्ध ओत रूट. दुसरा ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडच्या सीमेवरचा सिल्वरेट्टा: इश्गल गावाहून हायडेलबर्गर हट, मग यामताल हट, मग वीसबाडनर हट, आणि हवा चांगली असली तर ३३१२ मीटरचं पिझ बुइन शिखर. भावाचा जीव ओत रूटवर आहे. फोटो तिथलेच जास्त दिसतात, दुसरं काय!

दमाची मला फार काळजी नाही. रोजचा चढ हजार मीटरच्या आसपास असतो म्हणे. पावागडला पायथ्यापासून सॅक घेऊन चढतो, वर जाऊन रोपवेने खाली येतो. गाडं अडलंय ते गाइडच्या फॉर्मवर. त्यात विचारलंय: पाठीवर सॅक असताना, कुठल्याही बर्फात, तीस-पस्तीस अंशांच्या उतारावर खात्रीने वळणं घेता येतात का?

गुलमर्गला कोर्स केलाय. गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून, अफरवटवरून, इन्स्ट्रक्टरबरोबर उतरलोही आहे. पण तो ताजा, भुसभुशीत बर्फ होता, पडलो तरी गादीवर पडल्यासारखं. एप्रिलमध्ये आल्प्सचा बर्फ सकाळी दगडासारखा आणि दुपारी लगदा असतो असं ऐकतोय. त्याची सवय बडोद्यात कुठून आणू? इथे एप्रिलमध्ये चाळीस डिग्रीत डांबर मऊ होतं, तेवढंच.

त्यात भावाने व्हिडिओ कॉलवर आईसमोर १९९९ च्या गाल्टूरच्या हिमस्खलनाचा विषय काढला. गावात ३१ माणसं गेली होती, आणि सिल्वरेट्टाची टूर त्याच खोऱ्यातून. आता घरी रोज ‘स्वित्झर्लंड बसनेही बघता येतं’ हे ऐकतोय.

तर कुणी केलंय का हे? कुठला मार्ग घ्यावा? शिवाय मी शाकाहारी, अंडं चालतं.

इन्सब्रुककर

दादा, पहिल्या टूरला सिल्वरेट्टाच. ओत रूट वाईट नाही, पण त्याचा शेवटचा दिवस बघा. विग्नेत हटहून झरमॅटपर्यंत तीन खिंडी, सुमारे ३० किलोमीटर, आणि अर्ध्यातून सुटायला सोपी वाट नाही. २०१८ च्या एप्रिलअखेर याच भागात, पिन दारोला शिखराजवळ, वादळात अडकून सात जण गेले. हट काहीशे मीटरवर होतं. सिल्वरेट्टात हवा बिघडली तर हटवर थांबता येतं किंवा बहुतेक ठिकाणांहून खोऱ्यात उतरता येतं.

फॉर्मवर खरं आहे तेच लिहा. गाइड त्यावरूनच गट जुळवतो. एक जण कच्चा निघाला की सगळे उशिरा पोचतात, आणि उशीर इथे महागात पडतो. ऊन चढलं की ओला बर्फ उतारावरून सुटायला लागतो, म्हणून तर पहाटे निघून दुपारपर्यंत हट गाठतात.

तयारीचं म्हणाल तर तो रोपवे सोडा! मांड्या उतरताना तयार होतात, चढताना नाही. सॅक घेऊन पावागड पायी उतरा, गुडघे सांभाळून. टूरच्या आधी चार-पाच दिवस इकडे या, रिसॉर्टमध्ये पिस्ट (मशीनने सारखा केलेला उतार) सोडून कडेच्या खराब बर्फात इन्स्ट्रक्टरबरोबर उतरा. किक टर्नही तेव्हाच घोटून घ्या. तीव्र चढावर नागमोडी जाताना प्रत्येक वळणावर एक स्की उचलून पूर्ण फिरवावी लागते, नवशिका तिथेच अडखळतो. आणि ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं नुसतं बाळगू नका, वापरायचा सराव करा. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढावं लागतं. तेव्हा हेलिकॉप्टर नाही, सोबतचेच उपयोगी पडतात.

अलकापुरीची

काका, बुकिंग करतानाच शाकाहारी म्हणून कळवा, ऐनवेळी सांगून भागत नाही. सूप मटणाच्या पाण्याचं निघू शकतं, विचारून घ्या. काइझरश्मार्न मात्र निर्धास्त खा, अंड्याचा जाड गोड पॅनकेक फाडून देतात, त्यात मनुका. थेपले न्या, पण थोडे. ओझं तुम्हालाच वाहायचंय. झोपायला सामायिक खोली असते, आपली पातळ लायनर पिशवी लागतेच. कानात घालायचे बोळेही घ्या.

धागाकर्ता

दोघांचे आभार. सिल्वरेट्टा, नाहीतर मी नाही, असं भावाला कळवलंय. तो जरा फुगलाय, येईल ताळ्यावर. आता एकच अडलंय. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा विमा घ्यावाच लागतो, पण इथला एजंट देतोय त्या पॉलिसीत ‘स्कीइंग वगळून’ असं बारीक अक्षरांत आहे. पिस्टबाहेरचं स्कीइंग आणि हेलिकॉप्टरने सुटका, दोन्ही धरणारा विमा भारतातून कुणी काढलाय का? की सुटकेपुरतं ऑस्ट्रियाच्या अल्पाइन क्लबचं सदस्यत्व घेऊ?