जुन्या गाडीचा गंज कसा थोपवावा?

प्रश्न: नेरूळला खाडीजवळ उघड्यावर उभ्या असणाऱ्या माझ्या २००६ सालच्या गाडीला आता फारशी किंमत येणार नाही, परंतु मागच्या चाकावरच्या पत्र्याला रंगाखाली फुगे आले असून बोटाने दाबताच पापुद्रे सुटतात. थोडक्या खर्चात काय करावे?

उत्तर: नुसता वरून रंग मारू नका. पापुद्रे खरवडून, उघडा पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर (गंजाचे स्थिर थरात रूपांतर करणारे द्रावण) लावा आणि ते पूर्ण वाळल्यावरच प्राइमर व रंग द्या.

उत्तर: दारांच्या तळाची, पाणी निथळण्याची भोकेही तारेने मोकळी करावीत, माझ्या गाडीचे दार आतूनच कुजले होते.

उत्तर: पेचकस पत्र्यात आरपार जात असेल, तर आधी वेल्डिंग करून घ्या.