अनुभव धागा: भौतिकशास्त्रात आयुष्य काढताना

२० मे २०२५ ला नारळीकर सर गेले, तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. मुलांनी सही मागितली की सर त्यांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत, आणि उत्तराखाली सही यायची. मी नववीत कार्ड आणलं होतं, पण लिहायचा धीर झाला नाही. तरी त्या कोऱ्या कार्डापायीच या विषयात आले. 'फिजिक्स करून पुढे काय?' इथपासून कायमच्या नोकरीपर्यंत दहा-पंधरा वर्षं जातात, आणि त्या वर्षांबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं. शिकवणारे, पीएचडी करणारे, परदेशातले, निवृत्त, सगळ्यांनी लिहा. सगळं गोडच हवं असं नाही.

माझ्यापासून सुरुवात. मी रेडिओ खगोलशास्त्रातली. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तिथला वेळ मागायला अर्ज करायचा, समिती तो वाचते आणि काही महिन्यांनी पाळी येते. पीएचडीत मला पहिल्यांदा आठ तास मिळाले, रात्रीचे. दोनच्या सुमारास पडद्यावरची एकेक रेघ विस्कटायला लागली. कुठेतरी विजेच्या तारेवर ठिणग्या पडत होत्या, आणि आकाशातल्या आमच्या स्रोताकडून येणाऱ्या रेडिओ लहरी त्यापुढे काहीच नव्हत्या. तीन तासांचा डेटा टाकून द्यावा लागला. उरलेल्यावर वर्षभर काम केलं, आणि जे शोधत होतो ते दिसलंच नाही. पेपरात गेलं ते एवढंच: असलंच, तर या आकड्याहून मंद असलं पाहिजे. माझ्या गाइडनी तो आकडा माझ्याकडून चार वेळा काढून घेतला. न दिसलेल्या गोष्टीचाही हिशेब इतक्या जिवापाड ठेवायचा असतो, हे तेव्हा कळलं.

तासिका तत्त्वावर, हिंगोली जिल्हा

नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झाली, पीएचडी झाली, तासिका तत्त्वावरचं हे नववं वर्ष. जेवढे तास तेवढे पैसे, तेही उशिरा, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. एका ठिकाणी मुलाखतीला गेलो तर माझं नाव विचारायच्या आधीच बाहेर पेढे वाटले जात होते. मन उठतं. पण मला प्रयोगशाळेतलं सांगायचंय.

न्यूटन रिंग्जचा प्रयोग सगळ्यांनी केला असेल: सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवायचं, वरून उजेड सोडला की काळी-उजळ कडी दिसतात. सोडियमचा दिवा आधी लालसर असतो, तापला की पिवळाधमक होतो. पोरं ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपला डोळा लावून कडी मोजतात, जर्नलमध्ये आकडे भरतात आणि सही घेऊन जातात. मागच्या वर्षी एका मुलीने डोळा काढला आणि म्हणाली, "सर, भिंग काचेला टेकलंय तिथंच काळं कसं? तिथं तर मधे अंतरच नाही, उजेड पाहिजे."

नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. खालच्या काचेवरून परतणारी लाट उलटी होते, भिंगाच्या खालच्या बाजूवरून परतणारी होत नाही, म्हणून दोघी एकमेकींना पुसून टाकतात. एवढं सांगून थांबवेना. औंढा नागनाथला लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय, एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी मिळाली. पोरं मला एवढंच विचारतात की तिथे नोकऱ्या निघतील का. तिला सांगितलं, तिथेही हेच आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेझर जाऊन परत येणार, आणि जिथून तो बाहेर पडतो तिथे जवळजवळ काळोखच ठेवणार, कारण कणभर बदल काळोखातच उठून दिसतो. ती म्हणाली, "मग रस्त्यानं ट्रक गेला तरी हलंल की." मग आरसे एकाखाली एक लंबकांना कसे टांगतात ते फळ्यावर काढलं. तो वेळ माझ्या बिलात धरलेला नव्हता. शिपाईमामा कुलूप घेऊन दारात उभे राहिले तेव्हा उठलो.

पोस्टडॉक, जर्मनी

तिसरी पोस्टडॉक (पीएचडीनंतरची कराराची संशोधनाची नोकरी), तिसरा देश. करार दोन वर्षांचा, त्यातलं दुसरं वर्ष पुढचे अर्ज करण्यात जातं. नवरा दुसऱ्या खंडात, त्याचंही हेच. आई आता 'परमनंट कधी?' असं विचारत नाही, 'जेवलीस का?' एवढंच विचारते, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. तिने दिलेला तीन लिटरचा कुकर तिन्ही देशांत बरोबर आहे. काम मात्र आवडतं. सकाळी सिम्युलेशनचा निकाल उघडताना अजूनही छातीत धडधडतं.

लो टेम्परेचर लॅब, मुंबई

मुलगा सहा महिन्यांचा असताना लॅबमध्ये परतले, आणि क्रायोस्टॅटला, म्हणजे अतिथंड ठेवायच्या भांड्याला, गळती. द्रव हेलियम ४.२ केल्व्हिनचं, महाग. निर्वात नीट धरल्याशिवाय भरताच येत नाही. अकरा आठवडे एकेक सांधा तपासला. बाहेरून हेलियमची बारीक धार सोडायची आणि डिटेक्टरचा आकडा चढतो का ते बघायचं. शेवटी एका ओ-रिंगवर (सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्यावर) आडवा पडलेला केस सापडला, एक केस. दिव्याखाली चिमट्याने उचलला, रिंग पुसली, परत बसवली, आणि तासाभरात पंपाचा आकडा खाली गेला. मी घरी फोन केला तर सासूबाई आधी म्हणाल्या, "सापडली का गं गळती?" त्यांना सगळं ठाऊक होतं.

निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर जिल्हा

तालुक्याच्या गावी तीस वर्षं शिकवलं. लायब्ररीत संशोधनाचं एकही नियतकालिक नव्हतं. १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था सुरू झाली, ती विद्यापीठांतल्या आणि आमच्यासारख्या कॉलेजातल्या शिक्षकांसाठीही होती. मेची सुट्टी लागली की मी एसटीने पुण्याला जायचो, आणि परतताना झेरॉक्सची पिशवी मांडीवर असायची. माझे मोजकेच पेपर आहेत, सगळे त्या सुट्ट्यांतले.

हिंगोलीच्या सरांसाठी: मधोमधचा काळा ठिपका उजळ करता येतो. थॉमस यंगनं क्राउन काचेचं भिंग फ्लिंट काचेवर ठेवून मधे सॅसॅफ्रासचं तेल घातलं. तेलाचा अपवर्तनांक दोन काचांच्या मधला, त्यामुळे दोन्ही लाटा उलट्या होतात. आम्ही दालचिनीचं तेल वापरायचो. फ्लिंटची एक पट्टी माझ्याकडे अजून आहे, पाठवू का?

हिंगोली जिल्हा

सर, नक्की पाठवा. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. ती आता टीवायला आहे. तेल आणून ठेवतो, पण थेंब तिलाच टाकू देतो.