जुन्या वाहतूक पुलाचे पुनर्वसन: अर्धा रस्ता चालू ठेवून काम करावे काय?

प्रश्न
मुख्य रस्त्यावरील, साठीच्या घरात पोहोचलेल्या प्रीस्ट्रेस्ड (आतील ताणलेल्या पोलादी तारांनी आधीच दाबून धरलेल्या) काँक्रीटच्या पुलाच्या पुनर्वसनाचा आराखडा आमच्या गटाला तयार करावयाचा आहे. गर्डरांच्या (मुख्य तुळयांच्या) टोकांशी काँक्रीटचे पोपडे सुटले आहेत, प्रसरण सांधे गळतात आणि बेअरिंग (गर्डर व खांब यांमधील, हालचालीला वाव देणारे आधार) जाम झाल्याचा संशय आहे. पर्यायी मार्ग अपुरा असल्याने अर्ध्या रुंदीवर वाहतूक ठेवून उरलेल्या अर्ध्यावर काम करावे, अशी सूचना आली आहे. निविदा काढण्यापूर्वी कशाची खातरजमा करावी?

प्रतिसाद १
आपण सांगितलेल्या तिन्ही खुणा गळक्या सांध्यांकडेच बोट दाखवतात. सांधे तसेच ठेवून पोपडे बुजवले, तर खर्च पाण्यात जाईल. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि वरचे काँक्रीट फोडतो, म्हणून पोपडा दिसेपर्यंत आत बरेच काही घडून गेलेले असते. क्लोराइडचे (गंज वाढवणाऱ्या क्षाराचे) प्रमाण, कार्बोनेशनची (हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची गंजरोधक क्षमता घटण्याची) खोली आणि हाफ-सेल चाचणीतील (सळईतील गंजाचा अंदाज देणाऱ्या विद्युत चाचणीतील) विद्युतविभव यांचा नकाशा आधी तयार करावा. त्या चाचणीतील कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या (संदर्भ अग्राच्या) तुलनेत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही खालचे वाचन आले, तर तेथे गंज सुरू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक धरली जाते.

मात्र ही चाचणी काँक्रीटमधील नळ्यांतून ओवलेल्या ताणतारांविषयी (काँक्रीटला दाबून धरणाऱ्या तारांविषयी) फारसे सांगत नाही, आणि आपल्या पुलात खरी भीती त्यांचीच आहे. वेल्समधील इनिस-ए-ग्वास येथील १९५३ साली बांधलेला असाच एक छोटा पूल डिसेंबर १९८५ मध्ये कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळला. त्याचे गर्डर ज्या तुकड्यांचे जोडले होते, त्यांमधील सांध्यांतून शिरलेल्या क्लोराइडने तारा खाल्ल्या होत्या. म्हणून निवडक ठिकाणी नळ्या उघडून ग्राउट (नळ्यांत भरलेले सिमेंटचे मिश्रण) कोठे पोकळ राहिले आहे, ते प्रत्यक्ष पाहावे. हे काम संथ आणि महाग आहे, म्हणूनच अंदाजपत्रकातून सर्वप्रथम हेच कापले जाते, हे दुर्दैव.

प्रतिसाद २
अर्ध्या रुंदीचा पर्याय कागदावर सोयीचा दिसतो. परंतु वाहने एका बाजूला सरकली की त्या बाजूच्या गर्डरांवर मूळ रचनेत न धरलेला भार येऊ शकतो, आणि डेक (गर्डरांवरील रस्त्याचा स्लॅब) कापल्यावर भाराची आडवी वाटणीही बदलते. म्हणून कामाच्या प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र गणना हवी. अमेरिकेतील मिनियापोलिसचा आय-३५डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा त्यावर डेकच्या दुरुस्तीचेच काम चालू होते. मूळ दोष कमी जाडीच्या गसेट प्लेटांचा (पोलादी भाग एकत्र जोडणाऱ्या पत्र्यांचा) होता, पण जुन्या थरांचे वाढलेले वजन आणि पुलावर एकाच भागात रचलेली वाळू, खडी व यंत्रे यांनी त्यात भर घातली. पुलावर साहित्य कोठे आणि किती ठेवता येईल, हे निविदेच्या अटींतच लिहावे.

प्रश्नकर्ता
डांबराचे थर वर्षानुवर्षे एकावर एक चढवले गेले आहेत. ते काढावेत काय?

प्रतिसाद २
अवश्य काढावेत. शंभर मिलिमीटर जास्तीचा थर दर चौरस मीटरला सुमारे २३० किलो निरुपयोगी वजन देतो. ते उतरवल्याने मिळणारी सवलत मजबुतीकरणाच्या कोणत्याही उपायापेक्षा स्वस्त पडते. शिवाय थर काढल्यावरच डेकची खरी अवस्था आणि जलरोधक पडद्याचा (डेकमध्ये पाणी झिरपू न देणाऱ्या थराचा) पत्ता लागतो.

प्रतिसाद ३
बेअरिंग बदलण्याची एक अडचण वरच्या चर्चेत सांगायची राहून गेली आहे. एका खांबावरील सर्व गर्डर काही मिलिमीटर एकाच वेळी, सारख्या गतीने उचलावे लागतात आणि उचलताना वाहतूक पूर्ण थांबवणे श्रेयस्कर असते. जुन्या पुलांत जॅक बसवण्याची जागा बहुधा ठेवलेलीच नसते, त्यामुळे आडव्या डायफ्रॅमची (गर्डरांना एकमेकांशी जोडणाऱ्या आडव्या भिंतीची) ताकद तपासावी, अन्यथा खांबाला तात्पुरता आधार जोडावा लागेल. पुलावरून जलवाहिनी किंवा वीजतारा जात असतील, तर त्यांचे लवचीक जोड आधीच बसवून घ्यावेत. ज्या रात्री पूल पूर्ण बंद ठेवावा लागणार, त्याच रात्रींत त्या खांबावरील सांधेही बदलता येतील काय, हे पाहावे. तसे जमले, तर अर्ध्या रुंदीच्या कामाचे काही टप्पे मुळातच गाळता येतील.